भिंतीवरचा एकुलता एक फोटो : घरच्या कॉम्प्युटरवर कसा घ्यायचा, कसा सुधारायचा, कसा पाठवायचा

उमरगा : वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करायचा म्हटलं, की फ्लेक्सवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘फोटो व्हॉट्सॲपला टाका.’ मग घरात शोधाशोध सुरू होते. आजोबांचा एकट्याचा फोटो कधी काढलेलाच नसतो. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो सापडतो, त्यात मागच्या रांगेत ते फेटा बांधून उभे असतात. पुतण्या फ्रेमचा मोबाईलवर फोटो घेतो, चेहऱ्यापुरता कापतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. तिथून कुणीतरी स्क्रीनशॉट काढून फ्लेक्सवाल्याला धाडतो. चौकात फ्लेक्स लागतो तेव्हा फेटा ओळखू येतो, माणूस ओळखू येत नाही.

यात फ्लेक्सवाल्याचा दोष नसतो. साधा हिशोब आहे. फोटो कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर असतो म्हणजे तो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो, त्यांना पिक्सेल म्हणतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. रांगेत दहा माणसं उभी असतील तर एकेकाच्या वाट्याला १६० आले. त्यात चेहऱ्याला निम्मे धरले तर ८०. आता हाच चेहरा फ्लेक्सवर दोन फूट रुंद करायचा, म्हणजे ८० ठिपके २४ इंचांवर पसरायचे. एकेक ठिपका साडेसात मिलिमीटरहून थोडा मोठा होतो, जवळपास हरभऱ्याच्या दाण्याएवढा. हरभरे मांडून चेहरा काढायला बसलं तर जेवढं साधेल, तेवढंच मशीनला साधतं.

तोच ग्रुप फोटो नीट स्कॅन केला असता, तर चेहऱ्याला याच्या दुपटीहून जास्त ठिपके मिळाले असते. त्यासाठी फोटोशॉपचा क्लास लावावा लागत नाही. पोरांच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप किंवा कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेला जुना कॉम्प्युटर पुरतो.

आपल्या भागात एक प्रत म्हणजे काय

उमरगा, लोहारा, औसा या पट्ट्यात जुन्या फोटोचं मोल वेगळं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. किल्लारीचं नाव जगभर झालं, पण सास्तूर, होळी, राजेगाव ही आता लोहारा तालुक्यात असलेली गावंही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद. ज्या भिंतींना फोटोच्या फ्रेमा टांगलेल्या होत्या, त्याच भिंती माणसांवर कोसळल्या. अशा घरांत जो फोटो उरला तो एक तर ढिगाऱ्यातून निघालेला, नाहीतर लेकीच्या सासरी, पाहुण्यांकडे, परगावी गेलेला म्हणून वाचलेला.

त्या काळी फोटो आधीच कमी. कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये ३६ फोटो बसायचे आणि धुण्याचे, छापण्याचे पैसे वेगळे. म्हणून लग्न, बारसं, शाळेचा ग्रुप फोटो आणि जत्रेत रंगवलेल्या पडद्यापुढं काढलेला एखादा, एवढ्यातच सगळं आयुष्य यायचं. भूकंपात गेलेल्या कित्येकांचा फोटो असेल तर तो एकच, तोही मुद्रित. तो कागद विटला, पावसाळ्यात बुरशी लागली किंवा काचेला चिकटून फाटला, तर दुसरीकडून आणायचा कुठून?

आधी स्कॅन, तेही सांगून

घरी प्रिंटर-स्कॅनर-झेरॉक्स असं थ्री-इन-वन मशीन असेल तर उत्तम. नसेल तर झेरॉक्सचं दुकान किंवा आपले सरकार सेवा केंद्र. पण दुकानातलं मशीन सातबारा, आधार आणि टीसी स्कॅन करायला लावलेलं असतं. काहीच न सांगता फोटो दिला तर तो कागदासारखा स्कॅन होतो, पीडीएफ होऊन हातात येतो आणि त्या पीडीएफमध्ये फोटो दाबून बारीक केलेला असतो. म्हणून दुकानात चार गोष्टी सांगायच्या : कलर, ६०० डीपीआय, पीडीएफ नको, फाईल जेपीजी किंवा टिफ द्या. दुकानदार एखादे वेळी कटकटेल, कारण ६०० ला मशीन हळू चालतं. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. नेहमीचा चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० वर स्कॅन केला की २४०० बाय ३६०० ठिपक्यांची फाईल मिळते. बारा बाय अठरा इंचाची भिंतीवरची मोठी फ्रेम करायची तर इंचाला २०० ठिपके येतात, फ्रेम स्वच्छ निघते. व्हॉट्सॲपच्या १६०० वाल्या फोटोला तिथं इंचाला जेमतेम ८९ ठिपके मिळतात. पासपोर्ट आकाराचा फोटो असेल तर १२०० डीपीआय सांगावं, कारण कागदच लहान आहे. चार बाय सहाच्या फोटोला मात्र १२०० करून फारसा उपयोग नाही. कागदावर जेवढं उमटलंय तेवढंच स्कॅनर वाचणार, फाईल तेवढी फुगते.

ब्लॅक अँड व्हाइट फोटोही कलरमध्येच स्कॅन करायचा. चहाचा किंवा पाण्याचा पिवळा डाग रंगात वेगळा दिसतो, म्हणून नंतर काढायला सोपा जातो. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केला तर डाग आणि सावली एकच होऊन बसते.

स्कॅन करण्याआधी फोटो ओल्या फडक्यानं पुसायचा मोह होतो. अजिबात पुसू नये. फोटोच्या वरचा चकचकीत थर जिलेटिनचा असतो, पाणी लागलं की तो फुगतो आणि बोटाबरोबर चेहरा निघून येतो. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटकली की झालं. पुसायची ती स्कॅनरची काच.

वर्षानुवर्षं फ्रेममध्ये राहून फोटो काचेला चिकटला असेल, तर तो ओढून काढायचा नाही. मागचा पुठ्ठा काढून काचेसकट फोटो स्कॅनरवर ठेवून बघावा. मात्र घरगुती थ्री-इन-वन मशीनला काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं, मध्ये दुसरी काच आली की बऱ्याचदा धूसर येतं. तसं आलं तर मोबाईलनंच घ्यावा, पण रीत धरून. फ्रेम खिडकीजवळ भिंतीला टेकवायची, उजेड बाजूनं येऊ द्यायचा, फ्लॅश बंद. फोटो काढणाऱ्यानं अंगावर काळं किंवा गडद कापड घ्यायचं, म्हणजे त्याचं स्वतःचं प्रतिबिंब काचेत पडत नाही. मोबाईल फोटोच्या अगदी समोर, सरळ. चार-पाच फोटो काढून त्यातला चांगला ठेवायचा. गूगलचं फोटोस्कॅन नावाचं मोफत ॲप वेगवेगळ्या जागांवरून फोटो घेऊन काचेवरची चमक काढून टाकतं, घाईच्या वेळी तेही ठीक.

नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या अल्बमची तऱ्हा वेगळी. चिकट पानावर फोटो लावून वर प्लास्टिक दाबायचं, असे ते अल्बम. आता तो गोंद पिवळा पडलाय आणि फोटो धरून बसलाय. उचकटायला जाऊ नये. प्लास्टिक अलगद वर उचलून आख्खं पानच स्कॅनरवर पालथं घालायचं आणि कॉम्प्युटरवर एकेक फोटो कापून वेगळा करायचा.

अल्बमच्या मागच्या खिशात, ट्रंकेत किंवा स्टुडिओच्या कागदी पाकिटात तपकिरी पट्ट्या सापडल्या तर त्या फेकू नयेत. ती निगेटिव्ह आहे आणि छापलेल्या फोटोपेक्षा तिच्यात जास्त बारकावे असतात. साध्या स्कॅनरवर ती येत नाही. पण लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडून, स्क्रीनपासून चार-पाच इंच पुढं पट्टी धरून मोबाईलनं जवळून फोटो घेतला की काम होतं. स्क्रीनला चिकटवून धरली तर मागचे बारीक चौकोन फोटोत उतरतात. नंतर कॉम्प्युटरवर ‘इन्व्हर्ट’ केलं की काळ्याचं पांढरं होतं. कलर निगेटिव्ह उलटी केली की निळसर दिसते, ते पुढं रंग सुधारताना बरंच निघतं.

मूळ फाईलला हात लावायचा नाही

स्कॅन कॉम्प्युटरवर आला की दोन फोल्डर करायचे, एकाचं नाव ‘मूळ’, दुसऱ्याचं ‘काम’. स्कॅन ‘मूळ’मध्ये राहील, त्याची कॉपी ‘काम’मध्ये जाईल आणि जे काही करायचं ते त्या कॉपीवर. ही एवढीच शिस्त पाळली तर बाकी सगळ्या चुका माफ आहेत. आज जी दुरुस्ती झकास वाटते ती पाच वर्षांनी ओबडधोबड वाटू शकते, तेव्हा परत जायला मूळ फाईल हवी. शिवाय जेपीजी फाईल उघडून, बदलून दर वेळी सेव्ह केली की ती थोडी थोडी झिजते. टिफ आणि पीएनजी झिजत नाहीत, फक्त जागा जास्त खातात. ३६०० बाय २४०० चा फोटो टिफमध्ये २५ एमबीच्या आसपास जातो. एकुलत्या एक फोटोसाठी २५ एमबी काही जड नाही.

सॉफ्टवेअरचा प्रश्न फार मोठा करून सांगितला जातो, तेवढा तो नाही. फोटो सरळ करणं, कापणं, उजेड कमी-जास्त करणं एवढं विंडोजमधल्या ‘फोटोज’मध्येही होतं. पूर्वी घरोघरी पिकासा असायचं, ते गूगलनं २०१६ मध्ये बंद केलं. ओरखडे आणि डाग काढायचे असतील तर गिम्प नावाचं सॉफ्टवेअर घ्यावं. ते पूर्ण मोफत आहे, त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं आणि एकदा बसवलं की नेट लागत नाही. कुणाच्या पेनड्राईव्हमधून आणलेलं ‘क्रॅक’ केलेलं फोटोशॉप बसवण्यात काही शहाणपण नाही. फुकटच्या फोटोशॉपबरोबर व्हायरस येऊ शकतो.

गिम्पमध्ये काम करताना क्रम महत्त्वाचा. आधी फोटो सरळ करून कडा कापायच्या. मग ‘कलर्स’ मेनूतल्या ‘लेव्हल्स’मध्ये जाऊन ऑटोचं बटण दाबून बघायचं. जुने कलर फोटो लालसर-गुलाबी पडलेले असतात, कारण कागदातला निळसर रंग आधी उडतो. ऑटोनं तो बराचसा सावरतो. फारच भडक झालं तर कंट्रोल-झेड आहेच. त्यानंतर ओरखडे. ‘हील’ नावाचं टूल घ्यायचं, कंट्रोल दाबून ओरखड्याशेजारच्या चांगल्या जागेवर क्लिक करायचं आणि मग ओरखड्यावरून हळूहळू फिरवायचं. ब्रश लहान ठेवायचा, फोटो मोठा करून बघायचा. शेतातलं तण जसं एका कडेनं काढत जातो तसं एका कोपऱ्यातून सुरू करावं, नाहीतर काय काढलं आणि काय राहिलं ते कळत नाही.

सेव्ह करताना बरेच जण अडकतात. गिम्प ‘सेव्ह’ केल्यावर स्वतःच्या वेगळ्या प्रकारची फाईल बनवतं, ती मोबाईलवर उघडत नाही. ती अर्धवट काम ठेवायला चांगली. पाठवायची फाईल ‘एक्सपोर्ट’मधून काढायची आणि तिथं जेपीजी निवडून क्वालिटी ९० च्या वर ठेवायची.

आणि थांबायचं कुठं? मागच्या भिंतीवरचा, आकाशातला, कपड्यावरचा डाग काढला तर कुणाचं काही जात नाही. चेहऱ्यावर हात फिरवताना मात्र दहा वेळा विचार करावा. हनुवटीवरचे आणि कपाळावरचे बारीक ठिपके म्हणजे डाग नव्हेत, ते आजीचं गोंदण आहे. हील टूलला यातला फरक समजत नाही, एका फटक्यात ते पुसून टाकतं. स्टुडिओत फोटो ‘सुधारायला’ दिल्यावर माणूस दोन छटा गोरा होऊन परत येतो, तोही प्रकार असाच. रापलेला चेहरा उन्हात राबून झालेला असतो. तो उजळून कुणाचा मान वाढत नाही.

एआयनं केलेला फोटो कुणाचा?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये गूगल जेमिनीच्या ‘नॅनो बनाना’वरून साडीतले फोटो करायची लाट आली, तेव्हापासून गावागावांत एआय पोचलं. जुना फाटका फोटो टाकला की मिनिटभरात चकचकीत रंगीत फोटो बाहेर. बघणारा हरखून जातो. पण यंत्र आत काय करतं ते माहीत असायला हवं.

वरच्या हिशोबातला ८० ठिपक्यांचा चेहरा घेतला तर त्यात डोळा असतो पंधरा-सोळा ठिपक्यांचा. पापणी, बुबुळ, डोळ्याखालची सुरकुती या गोष्टी त्यात नाहीतच. एआय त्या शोधून काढत नाही, काढूच शकत नाही. ते असंख्य इतर चेहरे बघून शिकलेलं असतं, त्यावरून ‘अशा जागी डोळा बहुधा असा असतो’ असा अंदाज बांधून नवीन डोळा काढतं. म्हणून एआयनं केलेले सगळे आजोबा थोडेफार एकमेकांसारखे दिसतात, दात सरळ, कातडी गुळगुळीत. गोंदण जातं, तुटलेला दात भरून येतो, एका डोळ्यातला बारीक तिरळेपणा नीट होतो. माणूस ज्या खुणांनी ओळखला जायचा नेमक्या त्याच निघून जातात.

रंगाचंही तसंच. काळ्या-पांढऱ्या फोटोत लुगडं हिरवं होतं की जांभळं, हे फोटोत लिहिलेलं नसतं. एआय मनानं एक रंग घालतं. घरातल्या म्हाताऱ्या आत्याला विचारलं तर ती पटकन सांगेल, ‘डाळिंबी होतं, माझ्या लग्नात घेतलेलं.’ असं सांगणारं कुणी असेल तोवर विचारून घ्यावं आणि मग हवं तर रंग भरावा.

ज्यांनी माणूस पाहिलाय त्यांना फरक कळतो. एआयनं केलेला फोटो आधी काही न सांगता घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दाखवून बघावा. ‘हे कोण?’ असा प्रश्न आला तर तो फोटो फ्रेममध्ये लावण्यात अर्थ नाही. खरी अडचण पुढच्या पिढीची आहे. भूकंपानंतर जन्मलेल्यांनी त्या माणसांना पाहिलेलंच नाही. त्यांच्यासाठी भिंतीवरचा चेहरा हाच आजोबांचा चेहरा आणि तो यंत्रानं काढलेला असला तरी त्यांना कळायला मार्ग नाही.

एआय अजिबात वापरू नये असं नाही. मागच्या पडद्याची घडी, कोपऱ्यातला फाटका तुकडा, जमिनीवरचा डाग यासाठी खुशाल वापरावं. फाईलच्या नावात ‘एआय’ हा शब्द मात्र घालावा आणि मूळ स्कॅन शेजारी ठेवावा. गेलेल्या माणसाचा फोटो हलता-बोलता करून ग्रुपवर टाकण्याचं नवं खूळ आलंय. टाकण्याआधी घरच्यांना विचारायला हवं. हसता हसता कुणाच्या तरी जुन्या दुःखावर बोट पडतं आणि ग्रुपवर तसं कुणी बोलून दाखवत नाही.

अनोळखी ॲप आणि साईटवर घरच्या बाया-पोरींचे फोटो चढवणं हा वेगळाच धोका. तिथं गेलेला फोटो कुठं राहतो, कोण वापरतो, हे हातात राहत नाही. कुणी फोटोत फेरफार करून त्रास देत असेल तर लाजून गप्प बसू नये. स्क्रीनशॉट जपून ठेवून पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार देता येते.

पाठवताना ‘डॉक्युमेंट’ करूनच

एवढा खटाटोप करून फोटो पुन्हा साध्या पद्धतीनं व्हॉट्सॲपवर टाकला तर सगळं पाण्यात. व्हॉट्सॲपमध्ये पिनचं चिन्ह दाबल्यावर ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडायचं आणि त्यातून फोटोची फाईल पाठवायची. अशी फाईल आहे तशी जाते, दाबली जात नाही. २ जीबीपर्यंतची जाते, म्हणजे फोटोसाठी भरपूर झालं. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलं तरी हीच सोय आहे. २०२३ पासून फोटो पाठवताना ‘एचडी’चं बटणही आलंय. ते साध्यापेक्षा बरं, पण डॉक्युमेंटची बरोबरी नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. नुसतं फॉरवर्ड केल्यानं फोटो दर वेळी आणखी बिघडत नाही, पहिल्यांदा पाठवताना जे नुकसान व्हायचं ते होऊन जातं. बिघडवतात ते स्क्रीनशॉट, परत परत कापणं आणि स्टेटसवरून उचलून घेणं. म्हणून फ्लेक्सवाल्याला ग्रुपवरचा फोटो न पाठवता कॉम्प्युटरवरची फाईल डॉक्युमेंट करून पाठवावी.

डॉक्युमेंटचा एक तोटाही आहे. मोबाईलनं काढलेल्या फोटोत कधी कधी तो कुठं काढला ती जागा आतल्या आत नोंदलेली असते. साध्या पद्धतीनं पाठवताना ती गळून पडते, डॉक्युमेंटमध्ये तशीच राहते. पाहुण्यांना पाठवायला हरकत नाही, अनोळखी माणसाला पाठवताना लक्षात ठेवावं. कागदावरच्या जुन्या फोटोच्या स्कॅनला हा प्रश्न येत नाही.

उलट बाजूनं येणाऱ्या फाईलवरही नजर ठेवावी. ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘फोटो’ असं नाव दिलेल्या आणि शेवटी एपीके अशी तीन इंग्रजी अक्षरं असलेल्या फाईली व्हॉट्सॲपवर फिरतात. फोटोची फाईल कधीच एपीके नसते. ते ॲप असतं, दाबून बसवलं की मोबाईलमधले ओटीपी चोरले जातात आणि बँकेतले पैसे जातात. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नये, कारण त्याचाही मोबाईल आधीच फसलेला असू शकतो. असे पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा.

तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर

फोटो कॉम्प्युटरवर आला म्हणजे सुरक्षित झाला, असं नाही. हार्ड डिस्क न सांगता बंद पडते. पेनड्राईव्ह ने-आण करायला ठीक, पण वर्षानुवर्षं ठेवायला नाही. त्यात कॉपी चालू असताना लाईट गेली की फाईल अर्धवट राहते, म्हणून कॉपी झाल्यावर दोन-चार फोटो उघडून बघावेत. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावात, अशी जगभरची रीत आहे. पुण्याला, सोलापूरला, हैदराबादला कामाला असलेल्या पोराकडे एक हार्ड डिस्क किंवा कार्ड दिलं तरी झालं. तिन्ही प्रती एकाच घराच्या एकाच कपाटात ठेवल्या तर त्या मोजायला तीन, पण जायची वेळ आली की एकदमच जाणार. हे १९९३ पाहिलेल्या भागाला आणखी काय सांगायचं.

गूगल फोटोजवर ठेवायचं तर १५ जीबी फुकट मिळतात, पण ते जीमेल आणि ड्राईव्ह मिळून. १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट ठेवायची सोय बंद झालीय. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडायचं, नाहीतर तिथंही फोटो दाबला जातो. आणि खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. ज्याच्या खात्यावर सगळ्या घराचे फोटो आहेत, त्यानं पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असेल अशी सोय करावी.

राहता राहिली नावं. स्कॅन झालेल्या फाईलला मशीन आकडे देतं, त्यावरून काही कळत नाही. आधी साल, मग प्रसंग, मग गाव असं नाव द्यावं, उदाहरणार्थ ‘१९८४ लग्न सास्तूर’. साल नक्की माहीत नसेल तर ‘१९८४ च्या सुमारास’ असं लिहावं. विंडोजमध्ये फाईलचं नाव मराठीत चालतं. कागदी फोटोच्या मागं पेननं लिहू नये, शाई पुढं उमटते. लिहायचंच तर मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं. मागं आधीच काही लिहिलेलं असेल, स्टुडिओचा शिक्का असेल, तर मागची बाजूही स्कॅन करून ठेवावी. त्या शिक्क्यावरून फोटो कुठला आणि कधीचा, याचा अंदाज लागतो.

ग्रुप फोटोसाठी कॉम्प्युटरवर एक कॉपी काढून प्रत्येक माणसावर लहान आकडा टाकावा आणि खाली वही केल्यासारखी यादी लिहावी : १ अमुक, होळीचे मामा, २ नाव माहीत नाही, आत्याच्या सासरचे. १९९३ ला तिशीत असलेली माणसं आता साठी ओलांडून गेलीत आणि मागच्या रांगेतले चेहरे त्यांनाच ओळखू येतात. फोटो टीव्हीला जोडून किंवा लॅपटॉपवर मोठा करून दाखवला तर मोबाईलच्या पडद्यावर न दिसलेली माणसंही त्यांना ओळखू येतात. ती नावं सांगत असताना मोबाईलचा रेकॉर्डर चालू ठेवावा आणि ती आवाजाची फाईलही फोटोच्याच फोल्डरमध्ये, त्याच नावानं ठेवावी.